चामड्याचा बॉल की सिंथेटिक? बास्केटबॉल निवडणं, मुरवणं आणि सांभाळणं

आम्ही वर्षभर सिंथेटिक बॉलवर सराव केला होता. एका स्पर्धेच्या उपान्त्य सामन्यात पंचांनी टेबलावरून उचलला तो कोरा करकरीत चामड्याचा बॉल. पहिल्या पाच मिनिटांत माझ्या हातून दोन सोपे पास निसटले. तिसरा येताना मी धास्तावून दोन्ही हातांनी आवळून धरला, पाय अडखळले आणि ट्रॅव्हलिंगची, म्हणजे बॉल हातात धरून जास्त पावलं टाकल्याची, शिट्टी वाजली. बाकावर येऊन बसलो तेव्हा डोक्यात एकच होतं, बॉलच भिकार आहे. पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं की बॉल उत्तम प्रतीचा होता, फक्त तो अजून मुरलेला नव्हता. आणि माझे हात दुसऱ्याच बॉलवर मुरलेले होते.

तेव्हापासून कुणी विचारलं की लेदर चांगला की सिंथेटिक, तर मी उलट विचारतो: खेळणार कुठे, हाताला घाम किती येतो आणि सामना कुठल्या बॉलने आहे? या तिन्हींची उत्तरं हातात असली की बॉल जवळजवळ आपोआप ठरतो. कसा, ते क्रमाने पाहू.

आधी बॉल आतून समजून घ्या

बास्केटबॉलच्या पोटात ब्युटाइल रबराचा ब्लॅडर असतो, हवा धरून ठेवणारा. त्याच्याभोवती नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा दोरा सगळ्या दिशांनी गुंडाळलेला असतो. बॉलचा गोलपणा टिकतो तो या दोऱ्यामुळे. त्यावर रबराचा एक थर येतो आणि सगळ्यात वर पॅनल. जुन्या पद्धतीच्या फुटबॉलचे तुकडे शिवलेले असत, बास्केटबॉलचे पॅनल मात्र चिकटवलेले असतात. आपण ज्याला शिवण म्हणतो ती खरं तर दोन पॅनलमधली रबराची खाच.

म्हणजे ‘चामड्याचा बॉल’ फक्त कातडीपुरता चामड्याचा असतो. आतला सांगाडा दोन्ही प्रकारांत जवळपास सारखाच. याचा व्यवहारातला अर्थ फार महत्त्वाचा आहे: टप्पा किती उंच पडेल हे बरंचसं हवा आणि सांगाडा ठरवतो, आणि बॉल हाताला कसा लागेल हे वरचा थर ठरवतो. टप्पा बिघडला म्हणून चामड्याला दोष देणारे आणि ग्रिप मिळत नाही म्हणून हवा कमी करणारे, दोघेही चुकीच्या जागी औषध लावतात.

१८९१ मध्ये जेम्स नेस्मिथ यांनी स्प्रिंगफील्डला हा खेळ सुरू केला तो फुटबॉल घेऊन. खास बास्केटबॉल आला तीन-एक वर्षांनी, तोही नाडी बांधलेला. नाडीवर पडला की टप्पा भलतीकडेच जायचा. आजचा भगवा रंगसुद्धा उशिराचाच, १९५० च्या दशकाच्या अखेरीला टोनी हिंकल या प्रशिक्षकाने बॉल नीट दिसावा म्हणून आग्रह धरला तेव्हाचा. थोडक्यात, हा बॉल पहिल्यापासून बदलतच आला आहे, आणि दर बदलाला खेळाडूंनी नाकं मुरडली आहेत.

पायरी १: बॉलवर काय छापलंय ते वाचा

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. ‘कंपोझिट लेदर’ हे शब्द वाचून घरी आणलेला बॉल चामड्याचा नसतो. ‘लेदर’ शब्द असला तरी कंपोझिट म्हणजे सिंथेटिकच. चांगल्या कंपोझिटमध्ये बारीक तंतूंच्या मायक्रोफायबर कापडावर पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयूचा लेप असतो. त्याखाली स्पंजाचा पातळ थरही अनेकदा असतो, म्हणून तो दाबला की मऊ लागतो. स्वस्तातल्या सिंथेटिकवर मात्र बहुतेक वेळा पीव्हीसी असतं. दोन्हींना दुकानात एकच नाव असलं तरी हातात घेतल्यावर फरक लपत नाही.

खरं चामडं असेल तर बॉलवर ‘जेन्युइन लेदर’ किंवा ‘फुल ग्रेन लेदर’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं, आणि सोबत ‘इनडोअर ओन्ली’ हा इशारा असतो. तो इशारा गंभीरपणे घ्या. तिसरा प्रकार रबराचा. तो साच्यातून काढलेला असतो, त्याला वेगळे पॅनल चिकटवलेले नसतात.

मोठ्या स्पर्धांत काय वापरतात हेही जाता जाता सांगतो. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचा सामन्याचा बॉल चामड्याचा आहे. १९८३ पासून तो स्पाल्डिंगचा होता, २०२१-२२ च्या हंगामापासून विल्सनचा आहे, पण चामडं शिकागोच्या हॉर्विन टॅनरीचंच. फिबा, म्हणजे बास्केटबॉलची जागतिक संघटना, १९८२ पासून मोल्टेन या कंपनीसोबत आहे, आणि फिबाचा नियम अस्सल चामडं आणि कृत्रिम चामडं दोन्ही चालवून घेतो. विल्सनचा ‘इव्होल्यूशन’ हा हॉलमध्ये खेळणाऱ्यांचा आवडता बॉल पूर्ण मायक्रोफायबर कंपोझिट आहे. तेव्हा ‘वरच्या पातळीवर फक्त लेदर’ हा समज सोडून द्या.

मापाची एक ओळ: पुरुषांसाठी ७ नंबर, परीघ साधारण ७५ सेंटिमीटर, महिलांसाठी ६ नंबर, साधारण ७२, लहान मुलांसाठी ५ नंबर, ७० च्या आतबाहेर. थ्री-बाय-थ्रीचा, म्हणजे तीन-तीन खेळाडूंच्या खेळाचा, बॉल गमतीशीर आहे, आकार ६ नंबरचा आणि वजन ७ नंबरचं. माप चुकलं तर चामडं-सिंथेटिकची सगळी चर्चा फुकट.

पायरी २: पाण्याचा थेंब टाकून बघा

हा प्रयोग स्वतःच्या बॉलवर करा, दुकानात नको. बोट ओलं करून एक थेंब पॅनलच्या मधोमध ठेवा आणि वाकून बघा.

चामड्यावर थेंब आधी जरा फुगून बसतो. मग त्याची कड पसरते, दाण्यांच्या, म्हणजे बॉलवरच्या बारीक उंचवट्यांच्या, मधल्या खोलगट जागेत उतरते, आणि थोड्या वेळात तिथे गडद डाग तेवढा उरतो. बोट फिरवलं तर ओल जाणवते, पण बोट घसरत नाही. साध्या सिंथेटिकवर तोच थेंब मण्यासारखा तसाच बसून राहतो. बॉल तिरका केला की ओघळतो. त्यावरून बोट फिरवा, सुळकन सरकेल. चांगलं मायक्रोफायबर या दोघांच्या मधलं, थोडंफार शोषतं, पण चामड्याइतकं नाही.

आता त्या थेंबाच्या जागी तिसऱ्या क्वार्टरमधला तळहात ठेवून बघा. चामडं घाम पितं, सिंथेटिक घाम अंगावर घेऊन फिरतं. या एका गोष्टीतून दोघांमधले निम्मे फरक निघतात. कोरडा असताना नवा सिंथेटिक बॉल चामड्यापेक्षा जास्त चिकट लागतो, दुकानात तोच हवाहवासा वाटतो. तासाभराच्या खेळानंतर पारडं फिरतं.

अर्थात चामड्याचं हे पिणं फुकटचं नाही. ओल मुरली की बॉल किंचित जड होतो, आणि ओल वारंवार मुरली की चामडं कडक पडतं, पॅनलच्या कडा उचलू लागतात. ज्या गुणामुळे तो हातात टिकतो, त्याच गुणामुळे तो पावसात टिकत नाही.

एनबीएने २००६ मध्ये काय करून पाहिलं

ही कहाणी ठाऊक असली तर पुढच्या पायऱ्या पटकन पटतात. २००६-०७ चा हंगाम एनबीएने नव्या मायक्रोफायबर कंपोझिट बॉलने सुरू केला. आठ पॅनलऐवजी एकमेकांत अडकवलेले दोन क्रॉसच्या आकाराचे पॅनल, मुरवायची गरज नाही, आणि प्रत्येक बॉल दुसऱ्यासारखा. कागदावर नाव ठेवायला जागा नव्हती. डेव्हिड स्टर्न तेव्हा लीगचे आयुक्त होते.

खेळाडूंना मात्र तो रुचला नाही. शकील ओनील, लेब्रॉन जेम्स यांच्यासारख्यांनी उघड नाराजी सांगितली. तक्रारी ठोस होत्या: ओला झाला की निसटतो, टप्पा वेगळा पडतो, आणि कोरड्या पृष्ठभागावर बोटं घासून त्यांना बारीक चिरा पडतात. डॅलस मॅव्हरिक्स संघाचे तेव्हाचे मालक मार्क क्युबन यांनी टेक्सास विद्यापीठाच्या आर्लिंग्टन इथल्या भौतिकशास्त्रज्ञांकडून तपासणी करून घेतली. त्यांना आढळलं की नवा बॉल चामड्याच्या बॉलपेक्षा ५ ते ८ टक्के कमी उसळतो, टप्प्यानंतर त्याची दिशा सुमारे ३० टक्के जास्त भरकटते, आणि कोरडा असताना तो जास्त पकडतो, ओला असताना कमी. आपण थेंबाने पाहिलं तेच, प्रयोगशाळेतलं. खेळाडूंच्या संघटनेने कामगार मंडळाकडे तक्रारही नोंदवली. ११ डिसेंबर २००६ रोजी लीगने माघार जाहीर केली, आणि १ जानेवारी २००७ पासून चामड्याचा बॉल परत आला.

यातून ‘सिंथेटिक वाईट’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांशी माझं पटत नाही. कॉलेजचे हजारो सामने कंपोझिटवर सुरळीत होतात. माझ्या मते चूक होती ती आयुष्यभर एका स्पर्शावर तयार झालेल्या हातांना अचानक दुसरा स्पर्श देण्यात, आणि तोही हातांना न विचारता. हीच चूक आपण आपल्या संघाच्या बाबतीत दर हंगामात करतो.

पायरी ३: मत बनवण्याआधी हवा मोजा

दोन बॉलची तुलना करताना दोघांत हवा सारखी नसेल तर ती तुलना नव्हेच. एनबीएच्या नियमात ७.५ ते ८.५ पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) दाब सांगितला आहे. बहुतेक बॉलच्या व्हॉल्व्हजवळ अशीच काहीतरी मर्यादा छापलेली असते, आपल्या बॉलवर जी असेल ती पाळा. दाब मोजायचा काटा पंपाला नसेल तर स्वतंत्र मिळतो, आणि संघाकडे एक असावाच.

काटा नसेल तर फिबाच्या नियमपुस्तकात वर्षानुवर्षं दिलेली साधी चाचणी करा. भिंतीवर जमिनीपासून १२० आणि १४० सेंटिमीटरवर खडूने दोन रेघा मारा, तिसरी १८० वर. बॉलचा तळ १८० च्या रेघेला लावून तो नुसता सोडा, ढकलू नका. उसळून वर आल्यावर बॉलचा माथा १२० आणि १४० च्या मधे यायला हवा. बॉलचा व्यास साधारण २४ सेंटिमीटर, म्हणजे तळ ९६ ते ११६ पर्यंत परत येतो. तीन-चारदा करा आणि ज्या फरशीवर खेळणार त्याच फरशीवर करा, कारण लाकडी कोर्ट आणि काँक्रीट सारखा टप्पा देत नाहीत.

तापमान लक्षात ठेवा. २५ अंशांना ८ पीएसआय भरलेला बॉल ५ अंशांच्या थंडीत नेला तर काट्यावर दाब साडेसहाच्या आसपास दिसेल, हवा कुठेही न गळता. ४० अंशांना तोच ९ च्या वर जाईल. म्हणून ‘काल तर छान होता, आज मेला’ अशी तक्रार आली की मी आधी हवामान विचारतो. पहाटेच्या सरावाला हवा पहाटेच भरावी, आदल्या दुपारी नाही. आणि भर दुपारी उन्हात टच्च भरलेला बॉल उन्हातच ठेवू नये, आतल्या दोऱ्यावर ताण येतो.

पिन घालताना ती ओली करा, ग्लिसरीनचा किंवा पाण्याचा एक थेंब पुरतो. कोरडी पिन व्हॉल्व्हच्या रबराला ओरबाडते. बरेच बॉल ‘ब्लॅडर गेला’ म्हणून फेकले जातात, त्यांचा खरा मारेकरी ही कोरडी पिन असते.

पायरी ४: खेळात फरक कुठे पडतो ते ओळखा

ड्रिबलमध्ये बॉल तळहाताला फक्त टेकतो, चिकटत नाही. नव्या चामड्यावर दाणे कडक असतात, बोटांचा मांसल भाग त्यांत बसत नाही, त्यामुळे क्रॉसओव्हर करताना, म्हणजे बॉल एका हातातून दुसऱ्या हातात टप्प्याने नेताना, बॉल अर्ध्या बोटाने पुढे निघून जातो. कंपोझिट पहिल्या दिवसापासून मऊ, म्हणून नवशिक्याचं ड्रिबल त्यावर लवकर बसतं. ज्यांचे हात लहान त्यांना हा फरक जास्त जाणवतो. खाचा खोल असलेल्या बॉलवर तेच हात जास्त सावरतात. बॉल घेताना खाचेत नख बुडतं का, एवढं तरी बघा.

शॉटमध्ये गोष्ट शेवटच्या क्षणाची आहे. बॉल बोटांच्या टोकांवरून सुटतो तेव्हा त्याला उलटी फिरकी मिळते. रिंगला किंवा बोर्डाला लागल्यावर बॉल मऊ पडतो तो या फिरकीमुळे. बोटं आणि बॉल यांच्यात पकड असेल तर फिरकी पूर्ण मिळते. घामाने पकड गेली की बॉल बोटांवरून घसरत निघतो, फिरकी कमी होते आणि शॉट सपाट जातो. सिंथेटिकवर खेळणाऱ्यांचे शेवटच्या क्वार्टरमधले फ्री थ्रो रिंगच्या पुढच्या कडेला लागू लागले की सगळे ‘दमलाय’ म्हणतात. कधीकधी तो दमलेला असतो. कधीकधी बॉल नुसता पुसायला हवा असतो.

हे तपासायचं असेल तर मित्राला बाजूला उभं करून खाचांकडे बघायला सांगा. छान सुटलेल्या शॉटमध्ये खाचा एकसारख्या मागे फिरत जाताना दिसतात. तिरक्या डगमगल्या तर बॉल एका बोटाने ओढलाय किंवा घसरलाय. कोरड्या हातांनी दहा शॉट, मग धावून घामाघूम झाल्यावर दहा, दोन्ही बॉलवर. एका संध्याकाळी आपल्या हाताचं उत्तर मिळतं, आणि ते शेजारच्या खेळाडूच्या उत्तरापेक्षा वेगळं असू शकतं. कोरड्या हातांच्या माणसाला चामड्याचा फारसा फायदा दिसणारच नाही.

पास आणि रिबाउंडमध्ये घाबरण्यासारखं कमी आहे. एका हाताने उचललेला रिबाउंड आणि एका हाताने लांब फेकलेला बेसबॉल पास या दोन ठिकाणी ओला सिंथेटिक दगा देतो. बाकी वेळा दोन्ही हातांनी धरलेल्या बॉलला तो कशाचा आहे याचं सोयरसुतक नसतं.

पायरी ५: आता निवडा

उघड्यावर, काँक्रीट किंवा डांबराच्या कोर्टवर खेळत असाल तर चामड्याचा विचारही करू नका. तिथली खडबडीत जमीन दाणे सहाणेसारखी घासून काढते, आणि चामड्यात शिरलेली धूळ परत बाहेर निघत नाही. तिथे रबर, किंवा ‘इनडोअर-आउटडोअर’ लिहिलेला जाड कंपोझिट. रबराचा बॉल कडक लागतो, जरा जास्तच उसळतो, पण मार खातो आणि धुवून निघतो. इनडोअरचा मऊ कंपोझिट बाहेर नेणं हीदेखील तितकीच मोठी चूक आहे. त्याचा लेप काँक्रीटवर पाहता पाहता गुळगुळीत होतो.

हॉलमध्ये खेळत असाल, एकच बॉल घ्यायचा असेल आणि अनेकांच्या हातून जाणार असेल, तर चांगला मायक्रोफायबर कंपोझिट. मी बहुतेकांना हाच सांगतो. पहिल्या दिवशी तयार, पुसला की पुन्हा ताजा, आणि दहा बॉल घेतले तर दहाही जवळपास सारखे.

चामडं घ्यायचं ते तीन अटी जमत असतील तर: कोर्ट लाकडी आणि स्वच्छ आहे, बॉल रोज हातात राहणार आहे, आणि सामने चामड्यावर आहेत. कपाटात शोभेला ठेवून फक्त सामन्याच्या दिवशी काढलेला चामड्याचा बॉल हा सगळ्यात वाईट सौदा, तो कधी मुरतच नाही.

पायरी ६: चामड्याचा बॉल मुरवा

नवी चामडी चप्पल आठवडाभर चावते आणि मग पायाची होते, तसंच इथे. पहिले काही दिवस बॉल कडक, निसरडा आणि परका लागेल. हात स्वच्छ धुऊन, कोरडे करून रोज अर्धा-पाऊण तास लाकडी कोर्टवर ड्रिबल करा. मग जोडीदारासोबत छातीचे पास, जवळून शॉट. हातांची ऊब, थोडं नैसर्गिक तेल आणि टप्प्याचे ठोके यांनी दाण्यांचा ताठा उतरतो, रंग एक छटा गडद होतो आणि एक दिवस लक्षात येतं की बोटं आता शोधाशोध करत नाहीत. माझ्या हातात याला साधारण तीन आठवडे लागतात. बॉल सगळीकडून सारखा मुरावा म्हणून तो दरवेळी वेगळ्या पॅनलवर धरा. आवडत्या खाचेवरच खेळत राहिलात तर एक बाजू मऊ आणि दुसरी कोरी राहते.

घाईचे उपाय करू नका. तेल चोळणं, ओल्या फडक्यात गुंडाळणं, सँडपेपर मारणं, हीटरजवळ ठेवणं, हे सगळं मी लोकांना करताना पाहिलंय. एक तर मी स्वतःच केलंय: एक बॉल साबणाच्या पाण्याने घासून धुतला आणि लवकर वाळावा म्हणून उन्हात ठेवला. संध्याकाळी व्हॉल्व्हच्या बाजूच्या पॅनलची कड ओठासारखी उचलली गेली होती. गोंद लावून दाबून पाहिली, दोन दिवसांनी शेजारची उचलली. तो बॉल पुढे दारामागे अडसर म्हणून राहिला.

सिंथेटिकला मुरवायची गरज नाही, पण नव्या बॉलवर कारखान्यातली किंचित पावडर किंवा चकाकी असते. ओलसर फडक्याने एकदा पुसून घ्या, अर्धा तास खेळवा, झालं.

पायरी ७: सामन्याचा बॉल वेगळा असेल तर

स्पर्धेच्या आयोजकांना आधीच विचारा: कंपनी कोणती, मॉडेल कोणतं, नवा असेल की वापरलेला? हा प्रश्न विचारायला कुणी सांगत नाही, आणि विचारला तर उत्तर मिळतं.

शक्य असेल तर तसाच एक बॉल संघासाठी मिळवा आणि शेवटचे दोन आठवडे त्यावर काढा. क्रम असा ठेवा. पहिले दोन दिवस फक्त हाताची ओळख, म्हणजे जागेवर ड्रिबल, कमरेभोवती बॉल फिरवणं, भिंतीवर पास. मग रिंगच्या दीड-दोन मीटरवरून एका हाताने शॉट, अंतर वाढवायची घाई नको. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून फ्री थ्रो, पण दमल्यावर, कारण सामन्यात ते दमूनच मारायचे असतात. लांबचे शॉट शेवटी. अंतर्गत सामना खेळताना अर्धा वेळ जुना बॉल, अर्धा नवा, असं करू नका. हात कुठल्याच बॉलचे होत नाहीत.

बॉल मिळालाच नाही तर सामन्याआधीच्या वॉर्मअपमध्ये सगळ्यांनी लेअपच्या रांगेत वेळ घालवू नये. गार्ड खेळाडूंनी पाच मिनिटं नुसतं ड्रिबल आणि पास करावं. बॉल निसरडा निघाला तर दोन गोष्टी लगेच ठरवा: लांब एका हाताचे पास बंद, आणि बॉल घेताना दोन्ही हात. हात पुसायचा टॉवेल बाकावर नाही, सबस्टिट्यूटच्या हातात असू द्या. बॉल ओला झालाय असं वाटलं तर डेड बॉल असताना, म्हणजे खेळ थांबलेला असताना, पंचांना तो पुसून द्यायला सांगा. यात लाजण्यासारखं काही नाही.

पायरी ८: निगा

चामड्याचा बॉल खेळ संपल्यावर कोरड्या सुती फडक्याने पुसा, खाचांतून बोट फिरवत. फारच मळला तर फडकं घट्ट पिळून, अगदी किंचित ओलसर, आणि मग सावलीत वारा लागेल असा ठेवा. स्पिरिट, सॅनिटायझर, डिटर्जंट त्याच्या आसपास फिरकू देऊ नका. घामट बॉल बंद बॅगेत रात्रभर राहिला तर सकाळी वास येतो आणि पॅनलवर पांढुरके ठिपके दिसू शकतात, ती बुरशी.

कंपोझिटला सौम्य साबणाचं ओलं फडकं चालतं, नंतर साध्या पाण्याच्या फडक्याने साबण काढून टाका. चिकटपणा गेला अशी तक्रार घेऊन आलेल्या बॉलवर बहुतेक वेळा नुसती धूळ बसलेली असते. पुसल्यावर पकड परत आली नाही तर लेप झिजला, आता तो परत येणार नाही. रबराचा बॉल सरळ नळाखाली धरा.

गाडीच्या डिकीत कुठलाच बॉल ठेवू नका. तिथली उष्णता गोंद सैल करते आणि दाब वाढवते, दोन्ही एकाच वेळी. बॉलवर बसू नका, हे मुलांना रोज सांगावं लागतं आणि मोठ्यांनाही.

पायरी ९: बॉल कधी बाद करायचा

बॉल डोक्याच्या वर फिरकी देत फेका आणि खाचांवर नजर ठेवा. गोल बॉल स्थिर फिरतो, अंडाकृती झालेला लचकत फिरतो. एका जागी फुगवटा आला असेल तर आतला दोरा तुटलाय, त्याला उपाय नाही आणि तो बॉल सामन्यात वापरू नये. पॅनलची कड उचलली तर तो काही दिवस सरावात चालतो, पण त्यावर बोट अडकून नख उलटं होऊ शकतं.

दाणे झिजून गुळगुळीत झालेला बॉल मात्र मी लगेच टाकत नाही. त्याच्यावर ड्रिबलचा सराव कठीण होतो म्हणून तो हात तयार करायला कामाला येतो, शॉटच्या सरावासाठी अजिबात नाही. तो नीट ओळखू यावा म्हणून व्हॉल्व्हजवळ मार्करने फुली मारा, नाहीतर सामन्याच्या आदल्या रात्री घाईघाईत बॅगेत नेमका तोच जातो.

हंगाम संपला की बॉल पुढच्या हंगामापर्यंत ठेवायचे असतील तर थोडी हवा काढा, गोल आकार राहील इतपत ठेवून. जाळीच्या पिशवीत, जमिनीपासून वर, उन्हापासून लांब टांगा. महिन्यातून एकदा काढून दोन टप्पे मारून बघा; पूर्ण चपटा पडलेला बॉल घडीवर चिरतो, आणि ती चीर पुढच्या हंगामात हवा भरतानाच दिसते.